आईच्या कॅसेटवरची गिटार

१९८८च्या फेब्रुवारीत, कार्डिफच्या हॉस्पिटल क्वार्टर्समध्ये, मी आईच्या आवाजाच्या कॅसेटवर एका ब्लूज गिटारवादकाची रेकॉर्ड उतरवून घेतली. काल एका दुकानात तीच गिटार वाजत होती.

आई साताऱ्याहून पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. मी ती ऐकून तिच्यावरच उत्तर बोलायचो आणि परत धाडायचो. एकच कॅसेट दोन वर्षं ये-जा करत होती. दर वेळी आधीचं बोलणं पुसलं जायचं.

शेजारच्या खोलीतला डॉक्टर शिरीष लायब्ररीतून रेकॉर्ड घेऊन आला. विजेची गिटार पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांपैकी हा एक वादक, कधीच वारलेला.

"उद्या रिटर्न करायचीय. कॅसेट काढ!"

"आईचीच आहे फक्त."

"मग? नाहीतरी तू पुसणारच ना, लेका?"

खोलीत हीटरवर वाळणाऱ्या मोज्यांचा वास होता. सुई खरखरली, मग गिटार एकेक सूर लांबवत राहिली. आईला उत्तर मी रविवारी बोलणार होतो. त्याआधी शुक्रवारीच आई वारली.

त्या रविवारी शिरीष ड्यूटीवर होता. मी एकटाच कॅसेट लावून बसलो. त्या वादकाचं सगळं वादन आज सीडीवर मिळतं. आईचं तेवढं एकच रेकॉर्डिंग होतं.

रेकॉर्डची बाजू कॅसेटच्या बाजूपेक्षा छोटी होती, म्हणून शेवटचं थोडं पुसायचं राहिलं. गिटार थांबल्यावर थोडी खरखर आहे, मग आई म्हणते, "बाकी सगळं आधी सांगितलंच आहे. तेच तेच कशाला सांगू?"

त्यापुढे टेप संपते.