फुकटचे हात

सुरतेतल्या बमरोलीच्या त्या गल्लीत सुभद्राबाईंचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. राग येणार नाही तर काय? धुळ्याकडून इथे आल्यापासून त्या घरात बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होत्या. माल न्यायला येणारा दलाल दर खेपेला वर तोंड करून म्हणायचा, घरबसल्या तर काम आहे, त्यात कसली आली मेहनत? डोळे गेले, मान आखडली, आणि म्हणे मेहनत नाही. या माणसाचं तोंड पुन्हा बघायला लागू नये, एवढ्यासाठी त्यांना स्वतःचा धंदा हवा होता.

धंदा सापडला तो पापडांचा. होळी झाली की गल्लीतल्या खानदेशी बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन एकमेकींकडे जमायच्या, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. मजुरी कसली, चहा मिळाला की झालं. कतारगामच्या एका दुकानदाराने सुभद्राबाईंचे उडदाचे पापड चाखले आणि दर आठवड्याला माल मागितला. त्यांनी उडीद, तेल, हिंग, रिक्षाभाडं सगळं धरून हिशेब मांडला. भरपूर सुटत होतं. नवरा हिलाल म्हणाला, डोळे झाकून कर.

पहिल्या एक-दोन वेळेला बायका आल्या, हसतखेळत लाटून गेल्या. मग शेजारच्या कमलने लाटणं थांबवून सगळ्यांसमोर विचारलं, इतके पापड तुझ्या घरी खातं कोण? सुभद्राबाईंनी दुकानाचं सांगितलं, तेही ताठ मानेने.

"आम्ही तुन्हा घरना पापड लाटाले उनूत, दुकानना नही," कमल म्हणाली. पोळपाट काखेत मारून ती निघाली, आणि तिच्यामागे बाकीच्याही.

सुभद्राबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. मी कुणाकडे लाटायला गेले नाही? आत्ताच यांच्या पोटात का दुखतंय? कुटलेलं पीठ वाळू नये म्हणून त्या एकट्याच लाटत बसल्या. मनगटं भरून आली, पण परातीतलं पीठ काही सरेना. रागारागात त्यांनी हिशेब पुन्हा मांडला. या वेळी प्रत्येक बाईची मजुरी धरली. उरायचं सोडाच, पदरचेच जात होते. त्यांनी दुकानदाराला फोन करून भाव वाढवून मागितला. तो हसला. घरच्याच बायका लाटतात ना, म्हणाला, त्यांना काय द्यायचं?

त्याला चार शब्द सुनावून त्यांनी फोन ठेवला. पण खरी आग स्वतःवरच होती. ज्या बोलण्यापायी इतकी वर्षं दलालाला शिव्या घातल्या, तेच त्यांनी न बोलता केलं होतं.

त्या पिठाच्या हातांनीच कमलच्या दारात गेल्या.

"तो धंदा नव्हता, कमल. तुमना हातनी चोरी व्हती."

"माले माहीत व्हतं," कमल म्हणाली. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. "तुले कळाले इतला दिन लागनात, त्यानाच राग शे."