सुजाताचा निःशब्द निरोप

विझलेल्या मेणबत्तीचा वास मला अजूनही झोपेतून उठवतो. उत्तर नागपुरातल्या आमच्या विहारात (बौद्ध वंदनास्थानात) रविवारची वंदना संपली, की मी आणि माझी धाकटी बहीण सुजाता फरशीवर सांडलेले कोमट मेण नखांनी खरवडत असू. त्या वासात मोगरा असे, धुतलेल्या पांढऱ्या सुती साड्या असत, आणि कितीतरी कंठांतून नुकत्याच निघून गेलेल्या पाली गाथांची ऊब असे. बॉस्टनच्या विमानतळावर उतरल्यावर मी सवयीने श्वास भरून घेतला. कॉफी, ओला गालिचा आणि थंडी, एवढेच हाती लागले.

सुजाता गेली होती. व्हिसा मिळेपर्यंत अंत्यविधीही उरकला होता. उरले होते ते पुण्यानुमोदन (गेलेल्या माणसासाठी सर्वांनी मिळून म्हटलेली वंदना आणि त्याच्या चांगुलपणाची आठवण). निघताना आईने एवढेच सांगितले होते, "तिच्या नावानं त्रिशरण म्हणून ये. मोठ्यानं म्हण. तिकडे कोनी म्हटलं नसन."

मेहुण्यांच्या, सुहासरावांच्या गाडीतून त्यांच्या गावाकडे, श्रूजबरीकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मेपलची झाडे पेटली होती; पण त्या आगीला ना धूर होता, ना आवाज. मागच्या सीटवर माझी भाची रिया कानांत इअरफोन घालून बसली होती. "जेवलीस का गं?" मी विचारले. "आय'म गुड, मावशी," ती म्हणाली. तिचा आवाज थेट सुजाताचा होता.

घरात शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या डब्यांचा वास साचला होता: फोडणीचे वरण, भात, कुणाच्या तरी घरची गोड आमटी. सुजाताच्या हातचा तिखट गोळाभात (हरभऱ्याच्या डाळीचे गोळे घातलेला वऱ्हाडी भात) त्या घरात आता कधी शिजणार नव्हता. बैठकीच्या खोलीत काचेच्या टेबलावर, गुळगुळीत गोट्यांमध्ये, बुद्धाचे करडे मस्तक होते. फक्त मस्तक. शेजारी बॅटरीवर लुकलुकणारी मेणबत्ती. आमच्या घरांत दोन तसबिरी जोडीने असतात. निळ्या कोटातली दुसरी तसबीर मला दुसऱ्या दिवशी सापडली. शाल ठेवायला कपाट उघडले, तर ती हिवाळी कोटांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"ताई, इथे कोणाला माहीत नाही," सुहासराव दारातूनच हलक्या आवाजात म्हणाले. "इथल्या मराठी मंडळात सगळे मिक्स असतात. एकदा कळलं ना, की बोलवणं बंद होत नाही, पण बोलणं बदलतं. रियाला पण काही सांगितलं नाहीये."

"आणि सुजाताला हे चालत होतं?"

त्यांनी एका कोटाची बाही उगाच सरळ केली. "आम्ही मिळूनच ठरवलं होतं. ताई, मेडिटेशन सेंटर बुक केलंय. पीसफुल जागा आहे. तिथे कोणी काही विचारत नाही."

एवढ्यात शेजारच्या मंगलताई खिरीचे भांडे घेऊन आल्या. मूळच्या पुण्याच्या, निवृत्त डॉक्टर. सुजाताच्या आजारात त्यांनी रात्री जागवल्या होत्या. "बुद्धिस्ट सेंटरमध्ये मेमोरिअल!" त्या म्हणाल्या. "किती सुंदर कल्पना हो. आमचा मुलगाही रोज ध्यानाचं ॲप लावून बसतो. नाहीतर आपल्याकडचं ते तेरावं, पिंडाचं प्रस्थ!" मग प्रेमाने माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही नागपुरात नक्की कुठल्या?"

"सिव्हिल लाइन्सकडच्या," सुहासराव माझ्या आधी म्हणाले. उत्तर नागपूर म्हटले असते, तर आमची जात कळली असती.

मला तेव्हा उमगले. बुद्ध या देशात सन्मानाचा पाहुणा होता, म्हणूनच माझ्या बहिणीचे बौद्धपण त्याच्या आड छान लपत होते.

सेंटरला जाताना पांढरी फुले घ्यायला आम्ही बागेच्या सामानाच्या एका दुकानात थांबलो. कुंड्या, खताची पोती आणि दगडी बेडकांच्या मधोमध ध्यानस्थ बुद्ध ओळीने बसले होते. एकाच्या ओंजळीतून कारंजे वाहत होते. मी चपला काढल्या, हात जोडले आणि गुडघे टेकून कपाळ थंड सिमेंटला लावले. मान वर केली, तर एक विक्रेती अदबीने उभी होती. अंगणात ठेवायचाय की तळ्याकाठी, तिने विचारले. तळ्यासाठी शेवाळ न धरणारा वेगळा येतो.

"मावशी, गेट अप, प्लीज. पीपल आर लुकिंग," रिया रडवेली झाली होती.

सेंटर पाइनच्या रानात होते. लाकडाचा गोड वास, पावलांचा आवाज पिऊन टाकणारी जमीन, गोल उशा. तिथल्या शिक्षिकेचे नाव क्लेअर. केस पिकलेले, डोळे नितळ. बर्मा, जपान, तिबेटहून आलेल्या गुरूंकडे तरुणपणी शिकलेल्या पिढीने ही जागा उभारली, असे तिने सांगितले. हळूहळू भिक्षूंचे चीवर गेले, मूर्ती गेली, पाठ गेले. "इथे येणारे बरेच जण धर्माने दुखावलेले असतात," ती म्हणाली. "म्हणून आम्ही फक्त श्वास ठेवला. मी दारूत बुडाले होते. या श्वासाने मला बाहेर काढलं."

तिच्यावर रागावता आले असते, तर किती बरे झाले असते.

"मला बहिणीसाठी थोडं म्हणायचं आहे. मोठ्याने," मी म्हणाले.

"मनातल्या मनात म्हणाल का? इथे ते जास्त खोल पोचतं."

घंटा वाजली. मंडळी बसली. मंगलताईंनी डोळे मिटले, सुहासरावांनी मिटले, रियाने एक उघडा ठेवला. मी त्या शांततेत बसून राहिले आणि ती कापसासारखी माझ्या नाकातोंडात जाऊ लागली. आमच्या आजोबांपाशी धम्म आला, तेव्हा ते कमरेत वाकलेले होते. तो घेऊन ते ताठ उभे राहिले आणि पहिल्यांदा मोठ्याने बोलले. आमच्याकडे तो उभे राहण्यासाठी आला होता. इथे तो बसण्यासाठी आला.

मी उठले. "बुद्धं सरणं गच्छामि," त्रिशरणाची पहिली ओळ ओठांबाहेर पडली. आवाज चिरका, अनोळखी. सुहासरावांनी माझे मनगट धरले. "ताई, नको," ते कुजबुजले, "रियासाठी. प्लीज." मंगलताईंचे डोळे उघडले होते आणि त्यांत नुकताच एक हिशेब सुरू झाला होता. दुसरी ओळ घशातच राहिली. मी बसले. घंटा पुन्हा वाजली. सारे संपले होते.

बाहेर क्लेअरने मला मिठी मारली. "तुमचा आवाज फार सुंदर आहे," ती म्हणाली. मंगलताई दूर गाडीपाशी उभ्या होत्या. त्या दिवसानंतर त्यांचा डबा आला नाही. कदाचित त्यांना बरे नसेल.

परतीच्या दिवशी सुहासराव गाडी लावायला गेले आणि विमानतळाच्या दारात रिया आणि मी दोघीच उरलो. हजारो मैल ओलांडून धम्म या देशात पोचला होता. उशांवर, टेबलांवर, फोनमध्ये सुखाने नांदत होता. त्याला काही झाले नव्हते. हरवलो होतो आम्ही. आईला मी काय सांगणार होते? सुजातामागे तिचे म्हणून या देशात जे उरले होते, ते माझ्यासमोर स्वेटरच्या बाह्या ओढत उभे होते.

"रिया, त्या दिवशी मी म्हणत होते ना, ते तुझी आई लहानपणी रोज म्हणायची. तुला शिकवू? फोनवर?"

तिने इअरफोन काढला. माझ्याकडे नीट पाहिले, खरेच काही समजून घ्यायचे असल्यासारखे. त्या साऱ्या मुक्कामात ती माझ्याशी एकदाही मराठीत बोलली नव्हती. आता बोलली; तिच्या स्वरात ना उपहास होता, ना कंटाळा.

"कशाला?"