गच्चीचं कुलूप

दादा, मी यवतमाळ सोडलं त्या सकाळी आई खाली उतरली नव्हती. गच्चीवर जुनं लुगडं पसरून कुरडया घालत बसली होती. चीक गार झाला की सोऱ्यातून पडत नाही, म्हणून मुलगा पुण्याला चालला तरी तिचा हात थांबला नाही. वरूनच म्हणाली, "घर घेशीन तं आभाय दिसन असं घेजो, बापू."

तेव्हा मला हसू आलं होतं. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. माझी म्हणावी अशी जागा म्हणजे एक खाट आणि तिच्याखालची पेटी. पुढे खराडीत आयटीवाल्यांची ऑफिसं उभी राहिली. ते दर दोन-तीन वर्षांनी फर्निचर बदलायचे. मी त्यांच्या जुन्या खुर्च्या घासाघीस करून उचलायचो आणि तशीच घासाघीस करून विकायचो. त्यावर धायरीत फ्लॅट घेतला, मुद्दाम सगळ्यात वरचा. वरचा मजला तापतो, गळतो, असं लोक म्हणायचे. तेच बोलून मी भाव पाडला.

बिल्डर तिथल्याच गावातला. म्हणाला, "पाव्हणं, थोडं वाढवून द्या, गच्चीचा हक्क कागदावर लिहून देतो."

"आभाळ काय तुम्ही बांधलंय?" मी म्हणालो. ऑफिसातले सगळे हसले. मला वाटलं, जिंकलो. आपल्याकडे गच्चीला कोण कुलूप लावतं?

ते लावायला लावलं मीच. दुसऱ्या मजल्यावर तीन आयटीतली पोरं भाड्याने राहायची. त्यांतला नीलेश तर आपल्या अमरावतीचा. संध्याकाळी गच्चीवर, माझ्या डोक्यावर, त्यांची गाणी चालायची. माझं डोकं फिरलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहून ओरडलो, "भाड्याने राहणाऱ्यांनी खालीच राहायचं. गच्चीला कुलूप लावा." ठराव झाला, मी विसरलो.

बाबा गेल्यावर आई आली, ते तुला माहीतच आहे. "महिनाभर राहून पाहतो, जमलं तं राहीन," म्हणाली होती. येताना सोऱ्या घेऊन आली. तिसऱ्या सकाळी ती चिकाचं पातेलं घेऊन कुलपासमोर उभी. मी धावत सेक्रेटरी परांजप्यांकडे गेलो.

"अहो, ठराव आहे. तुम्हाला उघडून दिलं तर उद्या सगळेच पापड घेऊन येतील."

"कोणत्या शहाण्याने केला हा ठराव?"

त्यांनी शांतपणे रजिस्टर काढलं, चष्मा लावला, पान माझ्याकडे फिरवलं. "सूचक म्हणून आपलीच सही आहे. वाचता येते ना?"

परत आलो तोवर चीक गार झाला होता. आईने त्यात दूध-गूळ घालून आम्हाला वाटला, सोऱ्या धुवून पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे परत निघाली. "घर चांगलं हाय तुयं. पण वर जाले लोकाइले इचारा लागते."

परांजप्यांवरचा राग अजून गेलेला नाही. तासभर कुलूप काढलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सही तर माझीच होती.

परवाच्या मीटिंगमध्ये मी ठराव रद्द करायची सूचना मांडली. अनुमोदक हवा होता. एकही हात वर होईना. मग नीलेश उठला. त्याने तोच दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकत घेतलाय, आता तो सभासद आहे.

"काका, तेव्हा आम्हाला काय म्हणाला होतात, आठवतंय?"

आयुष्यभर समोरच्याचं बोलणं संपायच्या आत माझा भाव तयार असतो. त्या दिवशी घासाघीस केली नाही. सगळे बघत होते.

"चुकलो," मी म्हणालो.

"ओके," म्हणाला आणि त्याने हात वर केला. मग आणखी हात वर झाले. कुलूप निघालं. परांजपे म्हणाले, "कुलूप सोसायटीचं आहे, ऑफिसात जमा करा." केलं.

आईला फोन केला. तिने एकच विचारलं, "कागदावर लिवून घेतलं ना?" मी पूर्ण ठराव वाचून दाखवला, सह्यांसकट. ती म्हणाली, "मंग पाहू."

तिचं 'पाहू' म्हणजे हो की नाही, ते तुला जास्त कळतं, दादा. चैत्राला अजून वेळ आहे. मी गच्ची धुवून ठेवली आहे. वरून तिची हाक खाली येईल, तेव्हा या फ्लॅटला घर म्हणेन. तू फक्त तिला सोऱ्या विसरू देऊ नकोस.