डाव्या हाताच्या गुंड्या

काबुलाकडच्या लढाईत जखमी झालेले पाच शिपाई घाटावरच्या लष्करी दवाखान्यातून सुटून कर्जतला आले आणि धर्मशाळेत उतरले. जखमा भरत आल्या होत्या, पण चालत गाव गाठायचं बळ अंगात नव्हतं. दवाखान्याचे कपडे दवाखान्यातच राहिले. उरले ते फाटके डगले. पेठेतल्या वाण्याने मांजरपाटाचं ठाण दिलं आणि शिवणकाम माझ्यावर आलं. मी शिंपी. स्वभाव उतावळा, सुई हातात असली तरच एका जागी टिकतो.

तीन दिवसांत पाच बाराबंद्या शिवून नेल्या. चौघांनी घातल्या. पाचवा खालापूरकडचा गडी, उजवा हात कोपरापासून गेलेला. त्याची बाही मी बेताने आखूड केली होती आणि स्वतःवर फार खूश होतो. त्याने एक बंद दातांत धरला, डाव्या हाताने गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. एका हाताने माणूस बंद कसे बांधणार, हे मला सुचलंच नव्हतं! लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"घरी बायको बांधील की रं," मी म्हणालो.

"म्हणूनच घरी जात नाय. रोज सकाळी तिच्या म्होरं पोरावानी उभा राहू काय? माझं मला घालता येईल त्या दिशी जाईन."

दोन दिवस मला जेवण गोड लागेना. पुढचा भाग शिवून डोक्यातून घालायची करून दिली, तर "ह्ये झबलं हाय" म्हणून त्याने परत केली. मग सगळे बंद उसवले, बोराएवढ्या कापडी गुंड्या लावल्या, काजं सैल ठेवली. स्वतःचा उजवा हात कमरेला बांधून घालून पाहिली. बायको पोट धरून हसली. दोन गुंड्या अडल्या, त्या सरकवल्या.

धर्मशाळेत तो भिंतीकडे तोंड करून घालत बसला. मी ओसरीवर येरझाऱ्या घालत होतो. किती वेळ रे देवा! शेवटी तो वळला. एक गुंडी चुकीच्या काजात गेली होती, पुढचा सगळा भाग तिरपा. माझा हात आपोआप पुढे गेला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बसली का?"

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "झकास बसली."

वाकड्या कापडाला सरळ म्हटलं ते जन्मात तेवढं एकदाच. दुपारच्या बैलगाडीने तो घरी गेला.