नणंदेची सिटिझनशिप

अरुणाच्या पोटात दुखायला लागलं ते एका शुक्रवारी दुपारी, आणि त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे गोळी नव्हती.

बहारीनमधल्या हूरा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये ती शाळकरी मुलांच्या नागरिकशास्त्राच्या शिकवण्या घ्यायची. म्हणून न्यू जर्सीतल्या धाकट्या नणंदेने, कश्मिराने, तिलाच गळ घातली. "वहिनी, माझी सिटिझनशिपची टेस्ट आलीय. फोनवर प्रश्न विचारशील? इथे कुणाला वेळ नाही गं."

नाही कसं म्हणणार? पण ही कालपरवा अमेरिकेला गेलेली पोरगी तिथली नागरिक होणार, आणि अरुणाचं अर्धं आयुष्य बहारीनमध्ये गेलं तरी नवऱ्याची, शिरीषची नोकरी संपली की व्हिसा खलास. पुढच्या वर्षी तो साठीचा होणार होता. तिची मुलगी कस्तुरी तिथेच, मनामात जन्मली, तिचंही तिथे राहायचं कार्ड बापाच्या नोकरीला बांधलेलं. कश्मिराचा अथर्व मात्र तिथे जन्मला म्हणून पाळण्यातच अमेरिकन! नुसता जळफळाट व्हायचा अरुणाचा.

"राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी?"

"चार."

"सिनेटर?"

"सहा. आपल्या राज्यसभेसारखं!"

"अध्यक्षाला निवडतं कोण?"

"मत लोक देतात, पण शेवटी इलेक्टोरल कॉलेज."

सगळं बरोबर. त्याचाच अरुणाला जास्त राग आला.

"सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश कधीपर्यंत असतात?"

"पासष्ट वर्षांचे होईपर्यंत," कश्मिरा ठसक्यात म्हणाली.

हा भारतातला नियम, शाळेत घोकलेला. तिकडचे न्यायाधीश तहहयात असतात, हे अरुणाला पक्कं ठाऊक होतं. शिकवणीतल्या पोराने हे उत्तर दिलं असतं तर तिने त्याला बाकावर उभं केलं असतं.

"शाबास," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न."

त्या दिवशी तिला जेवण फार गोड लागलं.

टेस्ट झाल्यावर कश्मिराचा फोन आला तो रडतच. "एका उत्तराने गेलं गं! न्यायाधीशांचंच चुकलं. आता दोनतीन महिन्यांनी परत बोलावतील."

अरुणाच्या मनात आधी लाडूच फुटले. खोटं कशाला बोला?

"माझं काही नाही, ग्रीन कार्ड आहेच," कश्मिरा नाक ओढत म्हणाली. "पण दादासाठी अर्ज करायचा होता. सख्ख्या भावाला इथे बोलवायचं तर आपण सिटिझन असावं लागतं. रांग वर्षानुवर्षांची, म्हणून घाई करत होते. पास झाले की सांगणार होते तुम्हाला. दादाची नोकरी संपल्यावर तुम्ही दोघं कुठे जाणार, या विचाराने झोप लागत नाही मला."

आतल्या खोलीतून शिरीषने विचारलं, "काय म्हणतेय गं कश्मिरा?" अरुणाने नुसता हात हलवला.

"तू मनाला लावून घेऊ नकोस हं, वहिनी," कश्मिराच तिची समजूत घालू लागली. "तुझ्याही लक्षात आलं नसेल. आपल्याकडे पासष्टच असतं ना?"

"हो," अरुणा म्हणाली. "आपल्याकडे पासष्टच."