पुढच्या गाडीची चाकं

माधवगंजहून हरिशंकरपुरमला जायला मी ऑटो केला होता. रहदारी थांबली की हा चालक पुढच्या गाडीमागे भलतीच मोठी जागा सोडायचा. तिथे मोटारसायकली घुसायच्या, मागचे हॉर्न वाजवायचे आणि हा आरशात बघत बसायचा. मला वाटलं, याचा कुणी साथीदार मागून येतोय. पर्स पोटाशी धरून मी ऑटोचा नंबर मुलीला पाठवला, खाली लिहिलं, ‘हा चोर वाटतोय.’

शेवटी चिडून म्हटलं, "भैया, आगे क्यों नहीं लेते?"

"अगली गाड़ी के पहिये सड़क पर दिखने चाहिए, अम्माजी. तभी बगल से निकल पाते हैं." मग तो म्हणाला, "एक बार सटाकर खड़े थे. आगे ट्रक बिगड़ गया. पीछे घरवाली थी, अस्पताल ले जा रहे थे."

पोटाशी धरलेली पर्स मी बाजूला सीटवर ठेवली.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मला कमी ऐकू येतं, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर असतो.

"आई, तो चोर ऑटोवाला, कुछ गड़बड़ तो नहीं की ना उसने?"

एवढा वेळ आरशात असलेली त्याची नजर खाली गेली. पुढच्या सिग्नललाही त्याने तेवढीच जागा सोडली.