बाई खग्रास पाहायला निघाली होती

बाई काल सकाळी गेली. तिचा पासपोर्ट गेल्या आठवड्यात आला होता.

बाई म्हणजे माझी आजी, बाबांची आई. वय नव्वदीच्या पुढे. जालन्याच्या आमच्या घरात लहानमोठे सगळेच तिला बाई म्हणायचे.

पुढच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघी इजिप्तला जाणार होतो. लक्सरला. खग्रास सूर्यग्रहण पाहायला.

हो, ग्रहण. पिरॅमिड नाही. नातेवाइकांना हे मी फोनवर बऱ्याचदा सांगितलंय. आता लिहूनच ठेवते.

बाईचं माहेर परतूरजवळचं. तेव्हा राज्य निजामाचं. थोरला भाऊ परतूरच्या शाळेत जायचा, शिकवणं उर्दूत. बाईला शाळा नव्हती. भाऊ घरी येऊन सांगेल तेवढं तिचं शिक्षण.

एकदा तो म्हणाला, "सूरज गहन, म्हंजे गिऱ्हाण, पुरं लागलं तर भरदिवसा तारे दिसतेत. मास्तर सांगून राह्यले."

"तू पाह्यले?"

"न्हाई."

"मास्तरनं?"

"न्हाई."

"मंग?"

त्या वेळी ती परकर नेसणारी पोर होती.

पुढे कधीतरी ग्रहण लागलं. खग्रास नव्हे, थोडंसंच. दारं बंद. परातीत पाणी, पाण्यात मुसळ उभं. ग्रहण लागलं की मुसळ आपोआप उभं राहतं आणि सुटलं की पडतं, अशी सगळ्यांची खात्री. बाईने मात्र पाहिलं की चुलतीने ते हाताने धरून नीट बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरचे शेतात गेल्यावर तिने तीच परात घेतली, तेवढंच पाणी, तेच मुसळ. ग्रहण मात्र नव्हतं.

उभं राहिलं.

एकच घटक बदलायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मला हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी लॅबमध्ये शिकवलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यांना दाखवायचं म्हणून तिने मुसळ तसंच ठेवलं. चुलती शेतातून आली, मुसळ पाहिलं आणि ओरडली, "अगं माय, गिऱ्हाण पुन्हा लागलं!"

रांधलेलं सगळं गुरांपुढे गेलं. सगळ्यांच्या विहिरीवर अंघोळी झाल्या. मग सगळे मुसळ पडायची वाट पाहत उपाशी बसले.

ते काही पडेना. चांगलं जड, सपाट बुडाचं मुसळ होतं.

शेवटी भूक अनावर झाली तेव्हा बाईनेच ते आडवं केलं आणि सगळं सांगितलं. मार खाल्ला.

ही गोष्ट सांगताना ती नेहमी मारापाशी थांबायची आणि म्हणायची, "पण उभं राह्यल्तं ना?"

१९८० साली खग्रास ग्रहण कर्नाटकातून गेलं. रेल्वेने जाता येईल एवढ्या अंतरावर. बाईने पिशवी भरली. आजोबांनी दाराला आतून कडी लावली आणि दिवसभर दारापाशी बसून राहिले. बाबा तेव्हा शाळकरी होते. ते म्हणतात, बाईने ती भरलेली पिशवी संध्याकाळपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

म्हणून नोकरी लागल्यावर मी ठरवलं. तिला पूर्ण झाकलेला सूर्य दाखवायचा.

प्लॅनिंग आम्ही व्हिडिओ कॉलवर करायचो. मी पुण्यात, मोजमापाची यंत्रं तपासायचं काम करते. बाईचे प्रश्न आमच्या क्लायंटपेक्षा कडक.

"ढग येतेत का तिथं?"

"जवळजवळ नाही."

"जवळजवळ म्हंजे किती?"

आकडे काढून दाखवले, तेव्हा हो म्हणाली. त्याच दिवशी टूरमध्ये दोन जागा राखल्या.

पासपोर्ट ऑफिसात तिच्या बोटांचे ठसेच उठेनात. मशीन पुन्हा पुन्हा नाही म्हणत होतं.

"शेतातल्या निंदणीत झिजले, बाळा," ती काउंटरवरच्या मुलाला म्हणाली. "तुझं मशीन खराब न्हाई."

त्याने विचारलं, "आजी, एवढ्या वयात कुठं निघालात?"

"गिऱ्हाण पाह्यला."

"ग्रहण पाहत नसतात, आजी."

"तू नको पाहू."

अख्खी रांग हसली. मी हसले नाही. मला अभिमान वाटत होता आणि तो चेहऱ्यावर आणणं मला जमत नाही.

विरोध फक्त बाबांचा होता. बाबा आजही ग्रहणात पाणी पीत नाहीत. पडदे ओढून आत बसतात.

"तिला कशाला वाळवंटात न्यून राह्यली तू? काही झालं म्हंजे?"

बाई आतून ओरडली, "झालं तर झालं! तुझ्या बापानं एकदा कडी लावली. तू लावू नको."

बाबांनी त्यानंतर विषय काढला नाही, पण होही म्हटलं नाही.

काल सकाळी ती झोपेतून उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. त्रास झाला नसावा.

तिने खग्रास ग्रहण पाहिलं नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. तिला जे हवं होतं ते मिळालं नाही.

पण नव्वदी पार केलेली, एक दिवसही शाळेत न गेलेली बाई, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला देशाबाहेर निघाली होती. मी अशा बाईची नात आहे.

काल संध्याकाळी सगळं उरकल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले. मग विचारलं,

"ते उघड्या डोळ्यानं पाह्यचं असतं का?"

"नाही. खास चष्मा असतो. सूर्य पूर्ण झाकला गेला की तेवढ्या वेळापुरता काढायचा."

"अन् तारे?"

"ठळक असतील ते दिसतात. ग्रहही."

"बराबर दिसतात?"

"मी पाहिलेलं नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "टूरवाल्याकडं नाव बदलता येतं का?"

"येतं."

"तिच्या जागी माझं घाल मंग."

बाई, नीट जा. आम्ही दोघं पाहून येतो.
तुला मनापासून नमस्कार.